उतरायचा जिना

आमच्या चाकणच्या कंपनीतला सेफ्टीवाला कँटीनमध्ये दाराकडे पाठ करून कधी बसत नाही. दाराकडे तोंड असलेली खुर्ची रिकामी नसली, तर ताट हातात घेऊन उभ्यानं जेवतो. आम्ही हसतो.

लग्नाच्या वाढदिवसासाठी मी मुंबईतलं बारा खोल्यांचं एक देखणं हॉटेल निवडलं. फोटो बघून बाकीचे दिव्यांचं, नक्षीचं कौतुक करत होते. यानं दोन बोटांनी एकेक फोटो मोठा केला.

"लई भारी हाय, राव. पर आग लागली तर उतरायचा जिना कुठं हाय?"

माझ्याच फोनवरून त्यानं रिसेप्शनला विचारलंसुद्धा. "खोलीभायेर पडद्यामागं दार हाय म्हनती. गेल्या गेल्या उघडून बघा."

तिथं पोचल्यावर बायको आंघोळीला गेली, तेव्हा मी उगाच बाहेर येऊन रेशमी पडदा सारला. दार होतं. भिंत सलग दिसावी म्हणून त्याची मूठ काढून टाकली होती. खांदा लावून ढकललं, तरी हललं नाही.

तिथूनच त्याला फोन लावला. हॅलोही न म्हणता त्यानं विचारलं, "उघडलं का?"