तिघांत चौथ्याची जागा

आमच्या बँडमध्ये तीन माणसं. गिटार वाजवत गाणारा माझा नवरा, ड्रमवर बाळकुमचा आमच्याहून दहा वर्षांनी लहान एक गडी, आणि बास गिटारवर मी. बास वाजवणाऱ्याचं एक बरं असतं, तो चुकला तरी लोक ड्रमरकडे बघतात. वाईट एवढंच, की तो बरोबर वाजवत असला तरी लोक गायकाकडेच बघतात. माझ्या सासूबाई आमच्या पहिल्या कार्यक्रमाला पुढच्या रांगेत बसल्या होत्या. घरी आल्यावर मला म्हणाल्या, "छान उभी होतीस हो."

आधी आम्ही चौघं होतो. चौथा कीबोर्डवाला. त्याला बंगळुरूला नोकरी लागली आणि तो गेला, तेव्हा कळलं की हा माणूस दोन्ही हातांनी आमच्या उणिवांवर पांघरूण घालत होता. नवरा गात असेपर्यंत ठीक चालायचं. पण गाणं थांबवून तो गिटारवर मधला तुकडा वाजवायला लागला की त्याच्या हातातले कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे भरीव सूर, सुटायचे, आणि खाली उरायचे फक्त ड्रम आणि माझे चार सुटे सूर. पंगतीत भात संपावा आणि वाढप्याने नुसतंच वरण घेऊन फिरावं, तसं वाटायचं.

नवऱ्याने उपाय काढला. मानपाड्याला आमच्याच सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. तरुणपणी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचे. त्यांना घेऊया, म्हणाला.

"त्यांचा डावा हात बासपण सांभाळतो. म्हणजे तुलापण जरा आराम."

"मी कधी म्हटलं मी दमलेय?"

यावर तो हसला, आणि मी चिडले. खरं सांगायचं तर घाबरले. आठवडाभर आम्ही दोघं गॅस, फी आणि येणारे पाहुणे यांच्यापलीकडे बोलत नाही. रविवारी बाळकुमला ड्रमरच्या बंगल्याखालच्या रिकाम्या गाळ्यात जे तीन तास मिळतात, तेवढेच आमचे. तेही गेले तर आमच्यात उरणार काय, हे मला कळत नव्हतं. हे त्याला सांगायची लाज वाटली, म्हणून मी नुसतीच भांडले. शेवटी ठरलं असं, की पुढच्या महिन्यात ड्रमरच्या चुलतभावाच्या हळदीत दुपारी तासभर आम्हाला वाजवायचं आहे, तोपर्यंत थांबायचं. मोकळी पडणारी जागा मी भरून दाखवणार होते.

आणि मी ती भरली. जिथे फट दिसेल तिथे सूर कोंबले. वर जा, खाली या, अधूनमधून एखादी घसरगुंडी. बोटांना फोड आले. तीन रविवार सहन केल्यावर ड्रमरने काठ्या मांडीवर ठेवल्या.

"वयनी, सगला तुमीच वाजवता. मी घरी जाऊ का?"

नवरा गिटारची वायर गुंडाळायला लागला. तो असं आवरायला लागला की त्याचं काहीतरी ठरलेलं असतं.

हळदीच्या दिवशी मांडवात पहिली तीन गाणी मी तशीच धावत वाजवली. टाळ्या पडल्या, पण पाहुण्यांचं मन राखायला वाजवतात तशा. मग हळद लावायची वेळ झाली आणि आम्हाला थांबायला सांगितलं. इथल्या जुन्या घरांत लग्नविधीची गाणी, धवले, म्हणायला धवलारीण बोलावतात. सत्तरीच्या दोन बायका येऊन बसल्या. एक मुख्य, दुसरी तिची सोबतीण. माइक वगैरे काही नाही.

मी सरबताचा ग्लास घेऊन ऐकत उभी राहिले. मुख्य बाई ओळ म्हणायची. तिचा श्वास संपायच्या जरा आधीच सोबतीण शेवटचा स्वर उचलायची आणि धरून ठेवायची. स्वतःचं नवं काहीही घालायची नाही. तेवढ्यात पहिली निवांत श्वास घ्यायची, मध्ये उभ्या राहिलेल्या एका मावशीला "बाजूला व्हय गो" असंही सुनावून घ्यायची, आणि मग पुढची ओळ. मांडव एकदाही रिकामा वाटला नाही. माझे मात्र कान गरम झाले. महिनाभर मी जागा भरत नव्हते, त्या जागेत नाचत होते.

पुन्हा वाजवायला उभे राहिलो. नवऱ्याने गिटारचा तुकडा सुरू केला, कॉर्ड सुटले, आणि मी धावले नाही. खालचा एक स्वर आणि त्याचा पंचम, दोन तारा एकत्र छेडल्या आणि पुढचा कॉर्ड येईपर्यंत धरून ठेवल्या. ड्रमरने लगेच ओळखलं. तो छोट्या झांजेवरून मोठ्या झांजेवर गेला आणि खालची पोकळी भरली. एरवी नवरा त्या तुकड्यात घरी गॅस चालू राहिल्यासारखा सारखा मागे बघायचा. त्या दिवशी त्याने डोळे मिटले. इतका वेळ वाजवत राहिला, की नवरदेवाची हळद वाळली.

परतताना गाडीत मी त्याच्या एका शब्दाची वाट बघत होते. मानपाडा आला तेव्हा तो म्हणाला, "वडे मस्त होते."

पुढच्या रविवारी गाळ्यात पोचलो तर काका हजर. इस्त्रीचा शर्ट, समोर पुसून ठेवलेला कीबोर्ड. नवऱ्याने माझ्याकडे न बघता ओळख करून दिली. मला इतका राग आला, की ट्यूनिंग करताना तार तुटायचीच बाकी होती. मनात म्हटलं, शेवटचंच आहे तर नीट वाजवू. आणि हळदीत वाजवलं तसंच वाजवलं.

तीन गाणी झाली. काका हात पट्ट्यांवर न्यायचे, जरा थांबायचे, परत मांडीवर ठेवायचे. तिसऱ्यानंतर त्यांनी बटण बंद केलं.

"मी दोन-तीनदा शिरायचा प्रयत्न केला," ते नवऱ्याला म्हणाले. "डावा हात बाईंच्या स्वरांवर पडतो, आणि उजव्याला करण्यासारखं काही उरलेलं नाही. मला नेमकं कशासाठी बोलावलंत?"

मला त्यांच्याबद्दल खरंच वाईट वाटलं. हात असून ते ठेवायला जागा नसली की कसं वाटतं, हे मला महिनाभराच्या धास्तीत माहीत झालं होतं.

नवऱ्याचे कान लाल झाले. "काका, तुम्हाला विचारलं ते हळदीच्या आधी. हळदीत हिने असं काही धरून ठेवलं, की मला पहिल्यांदाच पडायची भीती वाटली नाही. दुसऱ्या दिवशीच तुम्हाला फोन करून नको म्हणायला हवं होतं. धीर झाला नाही."

बावीस वर्षांच्या संसारात त्याने माझं कौतुक कधी माझ्याजवळ केलेलं नाही. ते मला नेहमी दुसऱ्या कुणाला सांगताना ऐकावं लागतं. आताही तो काकांनाच सांगत होता, पण बघत होता माझ्याकडे.