सॅमसनचं जेवण

इनिड लम माझ्या दुकानाच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मर्टल, कोंबडीची कलेजी आहे का गं?" मी हातातला सुरा ठोकळ्यावर ठेवला आणि तिच्याकडे बघतच राहिले. मला वाटलं, बाईला ताप चढलाय.

तुम्हाला इनिड माहीत नाही म्हणून सांगते. आमच्या हॉलिनशॉ गावच्या चढावर खाटकाचं दुकान एकच, ते आमचं. नवरा गेल्यापासून मीच चालवते. आणि आमच्या दुकानावरून जायची वेळ आली की नाकाला रुमाल लावून रस्ता ओलांडणारी बाईही एकच, ती इनिड. मी कितीदा आतून ओरडले असेन, "अगं, मी काय माणसं कापते का?" ती नुसता हात हलवायची आणि पलीकडच्या कडेनं निघून जायची. मला राग यायचा, पण तिच्यावर राग धरून बसता येत नसे. जन्म गेला तिचा शाळेच्या स्वयंपाकघरात. पोरांच्या ताटात मटणाचा रस्सा वाढताना मान दुसरीकडे वळवायची, तरी कुणाच्या अंगावर कधी थेंब सांडला नाही.

हे सगळं एका सशापायी. लहानपणी तिच्या बापानं परसात ससे पाळले होते. त्यातला एक पांढरा हिचा लाडका. एका रविवारी जेवायला मटण भरून भाजलेली पाई होती, हिनं मागून आणखी वाढून घेतली, जेवण झाल्यावर सशाला पाला घेऊन पिंजऱ्याकडे गेली, तर पिंजरा रिकामा. आमच्याकडे तेव्हा हे घरोघरी व्हायचं. पोरं रडायची, रुसायची आणि पुढच्या रविवारी पुन्हा जेवायला बसायची. इनिड नाही बसली. सत्तरी उलटली तरी मांसाचा कण तिच्या तोंडात गेला नव्हता.

आणि हिचा भाऊ विल्फ पक्का शिकारी! आता बोला. त्याच्याकडे फेरेट होती. मुंगसाच्या चणीचं लांबट जनावर, अंगाला उग्र वास. सशाच्या बिळात सोडलं की ससे घाबरून बाहेर पळतात आणि तोंडाशी लावलेल्या जाळ्यात पडतात. विल्फ ते ससे परस्पर मला आणून द्यायचा. घरात सशाचं नखसुद्धा आणायचं नाही, असा बहिणीचा हुकूम होता. दोघांनीही लग्न केलं नाही, दोघंच एकमेकांना. विल्फनं तिचा शब्द कधी मोडला नाही. म्हणून अख्ख्या दरीत फक्त त्याचीच फेरेट पिशवीत विकत मिळणाऱ्या तयार खाद्याच्या कोरड्या दाण्यांवर वाढलेली. बाकीच्यांची सशाचं डोकं केसांसकट फस्त करतात. क्लबात त्याची काय टर उडवायचे! "काय रे विल्फ, तुझ्या वाघांना चहात बिस्कीट बुडवून देतोस का?" विल्फ आपला हसायचा आणि ग्लास उचलायचा.

पानगळीच्या दिवसांत विल्फ गेला. शेडमधल्या दोन फेरेटना इनिडनं सरळ स्वयंपाकघरात आणलं. एक मिनी, तरणीताठी, अंगात भूत असल्यासारखी नाचणारी. दुसरा सॅमसन, म्हातारा, तोंडावरचे केस पांढरे झालेला. सॅमसन विल्फच्या कोटाच्या बाहीत शिरून झोपायचा. इनिड तासन्‌तास ती बाही मांडीवर घेऊन बसायची आणि त्याच्याशी बोलायची. मी एकदा म्हटलं, "अगं, वास येतो घराला." तर म्हणाली, "येऊ दे. घरात कुणीतरी आहे म्हणून येतो ना?"

तेवढ्यात ते दाणे बनवणाऱ्या कंपनीनं ते बनवणंच बंद केलं. तुम्ही म्हणाल, मग दुसरे आणा. आणले. सॅमसननं हुंगले आणि नाकानं वाडगा ढकलून दिला. या जातीचं असंच असतं. लहानपणी जे तोंडात पडलं तेच अन्न, बाकी सगळं माती. जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मिस लम, नवे दाणे शिकवायला जेवढा त्रास, तेवढाच मांस शिकवायला. मग मांसच शिकवा, त्याच्या पोटाला तेच मानवतं. पण हळूहळू. जुने दाणे संपायच्या आत. आणि एक लक्षात ठेवा, याला उपाशी ठेवायचं नाही. ही पोरं भुकेनं पटकन कोसळतात."

म्हणून ती कलेजी.

"तू हात लावणार मांसाला? तू?" मी विचारलं.

"हातमोजे आणलेत मी," इनिड म्हणाली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "माझ्यापायी झालंय हे, मर्टल. माझी किळस नसती तर विल्फनं त्याला लहानपणीच सशावर वाढवलं असतं. आज तो सुखानं जेवला असता."

मी कलेजी बारीक कापून, कागदात गुंडाळून दिली. पैसे घ्यायचंसुद्धा माझ्या लक्षात राहिलं नाही.

त्यानंतर रोज दुपारी दुकान बंद केलं की मी तिच्याकडे जायची. खोटं कशाला बोलू, मदत करायला कमी आणि बघायला जास्त. काय तो सोहळा! मांसाचा लगदा करायचा, त्यात भिजवलेले जुने दाणे कालवायचे, वरून दाण्यांची पूड भुरभुरायची. मिनीनं पहिल्याच दिवशी वाडग्यात डोकं घातलं ते वाडगा चाटूनच बाहेर काढलं. चार दिवसांत तिला कोंबडीची मान मिळायला लागली. आणि फेरेट म्हणजे साठेबाजांची जात! इनिडनं रविवारी चर्चला जायच्या बुटात पाय घातला तर आत कोंबडीची मान. तिची किंकाळी मला खाली दुकानापर्यंत ऐकू आली. मी धावत गेले, तर ही एका पायावर उभी आणि मिनी तिच्याकडे बघतेय, जणू हिनंच तिचा माल चोरला. मी जमिनीवर बसून हसले. इनिडही हसली, विल्फ गेल्यानंतर पहिल्यांदाच.

सॅमसन मात्र वरची पूड तेवढी चाटायचा. कलेजीचा कण जिभेला लागला की पंजानं तोंड पुसायचा. इनिडनं बोटावर लावून बघितलं, त्याच्या ओठांना फासून बघितलं. त्यानं जीभ बाहेर काढून लगदा ढकलून दिला. दाण्यांची पिशवी हलकी होत चालली होती. इनिडचा चेहराही उतरत चालला होता.

अशात एक दिवस सेथ अक्रॉइड आला. विल्फचा क्लबातला जुना सोबती, फेरेटच्या बाबतीत स्वतःला देव समजणारा. स्वयंपाकघरात येऊन त्यानं वाडगा बघितला आणि कपाळाला हात लावला.

"अगं, भरवतेस काय त्याला पाळण्यातल्या पोरासारखं? माझ्या बापानं, माझ्या आजानं कुणी कधी भरवलंय फेरेटला? उपाशी ठेव. पोटात कावळे ओरडले की दगडसुद्धा खाईल."

"डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या," इनिड म्हणाली.

"त्या कालच्या पोरीला काय कळतंय? विल्फ असता तर त्यानं हेच सांगितलं असतं."

विल्फचं नाव निघालं आणि इनिडची नजर त्याच्या कोटाकडे गेली. तेवढ्यात सेथनं फळीवरची दाण्यांची पिशवी उचलली आणि काखेत मारली. "ही मी नेतो. नाहीतर तुझं मन विरघळेल आणि पुन्हा देशील."

"पण..." इनिड म्हणाली.

"पण नाही आणि बिण नाही," असं म्हणून तो गेला.

मी तेव्हा तिथं नव्हते, हे मला इनिडनं मागाहून सांगितलं. असते तर ती पिशवी त्याच्या डोक्यात घातली असती. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले. इनिड टेबलापाशी बसलेली, समोर वाडग्यात ताजी कलेजी, आणि सॅमसन बाहीतून बाहेरच येत नव्हता.

"कधीपासून उपाशी आहे हा?"

"काल सकाळपासून."

"इनिड! अक्कल गहाण टाकलीस काय?" मी ओरडले. "जा, दाणे आण त्या शहाण्याकडून!"

तिनं फोन केला. मी तिच्या शेजारीच उभी होते. पलीकडून सेथ म्हणाला, "ते? ते मी कोंबड्यांना घातले की."

माझ्या कानांवर विश्वास बसेना. सॅमसननं जन्मभर जे खाल्लं, त्याचा शेवटचा दाणासुद्धा कोंबड्यांनी टिपला होता! इनिडनं फोन खाली ठेवला. ती कोटाकडे गेली, बाही हलवली आणि सॅमसन बाहेर घरंगळला. मागचे पाय फरपटत होते. तोंडातून लाळ गळत होती. डोळे उघडे, पण बघत कुठंच नव्हते. आयुष्यभर मेलेली जनावरं हाताळलेली मी बाई, पण हे जिवंत आणि असं! मला बघवेना.

मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, हिरड्यांना मध चोळा आणि आहात तसेच निघा. मी मध चोळला, त्याला इनिडच्या शालीत गुंडाळला आणि मटण पोचवायच्या गाडीतून दोघांना घेऊन सुटले. तिथं त्याला सुई दिली, साखरेचं पाणी दिलं. दिवस मावळायच्या आत त्यानं मान उचलली. पण डॉक्टरीणबाईंचा चेहरा काही उजळला नाही.

"पिचकारीनं किती दिवस भरवणार? तो सगळं थुंकतोय. आपण होऊन गिळायला हवं त्यानं. घरी न्या, ओळखीच्या जागी प्रयत्न करा. उद्या दुपारपर्यंत खाल्लं नाही तर..."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलंच नाही. कवळ्या सशाची कलेजी घेतली आणि इनिडकडे गेले. तिथं दारातच सेथ उभा, टोपी हातात, आत यायचं धाडस होत नव्हतं. मी त्याला म्हटलं, "काय रे देवा, पुढचा उपदेश घेऊन आलास? का याच्या मयताला आलास?"

"बोल, मर्टल, बोल. बोलशील तेवढं कमी आहे," तो म्हणाला. मग आतल्या इनिडकडे बघून चाचरत म्हणाला, "रात्रभर डोळा लागला नाही माझा. विल्फचं आठवत होतो. इनिड, सॅमसन डोळेसुद्धा न उघडलेला असताना त्याची आई मेली होती, ठाऊक आहे का तुला? विल्फनं शेडमध्ये बसून वाढवलं त्याला. थोडा मोठा झाला तसं दाणे स्वतः चावायचा, मऊ करायचा आणि ओठांत धरून द्यायचा. आम्ही हसलो होतो त्याला. वाडग्यातलं खायला हा खूप उशिरा शिकला. म्हटलं तुला सांगावं."

इनिडनं ऐकलं. सॅमसन तिच्या मांडीवर पडला होता, पोट आत गेलेलं, श्वास वरवर चाललेला. तिनं माझ्यापुढे हात केला. मी काही न कळून कागदाची पुडी तिला दिली. तिनं हातमोजे काढून टेबलावर ठेवले. उघड्या बोटांनी कलेजीचा लिबलिबीत तुकडा उचलला आणि तोंडात घातला.

"इनिड!" मी किंचाळले. "अगं कच्चं आहे ते! सशाचं आहे!"

ती चावत होती. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, मानेच्या शिरा ताठ झालेल्या, दोनदा पोटातून उमासा आला तो तिनं तसाच दाबला. पण ती चावत राहिली. सेथ भिंतीला टेकला. मी नुसती उभी. या हातांनी मी या गावाला किती मांस खाऊ घातलं, पण ते खाणं एखाद्याला एवढं जड जाऊ शकतं हे मला त्या क्षणापर्यंत खरंच कळलं नव्हतं. मग तिनं तो घास ओठांवर आणला आणि सॅमसनला उचलून तोंडाशी धरलं.

त्यानं हुंगलं. तोंड फिरवलं. इनिड हलली नाही. त्यानं पुन्हा हुंगलं, तिच्या हनुवटीवरून गळणारा रस चाटला, मिशा थरथरल्या, आणि झपकन झेप घेऊन त्यानं घास धरला. नुसता घास नाही, घासाबरोबर तिचा खालचा ओठ. सुईसारखे दात आरपार गेले. इनिडच्या घशातून कण्हल्यासारखा आवाज आला, पण तिनं त्याला झटकला नाही. एका हातानं त्याची पाठ धरून ठेवली. त्यानं झटका दिला, घास सुटला, ओठ फाटला. तो घास तोंडात धरून तो तिच्या मांडीवर उतरला आणि मान वाकडी करून, मचमच चावत खायला लागला. इनिडच्या ओठातलं रक्त एप्रनवर टपटप पडत होतं आणि तो तेही चाटत होता.

"देवा रे देवा," सेथ पुटपुटला.

मी टॉवेल घेऊन धावले. "दवाखान्यात चल! टाके पडतील! सोड त्याला!"

इनिडनं हात वर करून मला जागीच थांबवलं. तोंड रक्तानं माखलेलं, हनुवटीवर कलेजीचा कण चिकटलेला. फाटक्या ओठानं ती हळूच म्हणाली, "थांब गं. त्याचं जेवण होऊ दे."

मी टॉवेल हातात धरून उभी राहिले. त्यानं शेवटचा कण संपवेपर्यंत आम्ही तिघांपैकी कुणी हललं नाही.