वरची नेटा, खालचं घर

जेडबर्ग गावात माणसाला आधी विचारतात, "वरचा की खालचा?" चौकाच्या वर जन्मला तो वरचा, खाली जन्मला तो खालचा. फेब्रुवारीत चेंडूचा दिवस आला की दुकानांच्या खिडक्यांना फळ्या ठोकतात आणि दोन्हीकडचे पुरुष कातडी चेंडूसाठी रस्त्यातच एकमेकांवर तुटून पडतात. वरच्यांनी तो किल्ल्याकडे न्यायचा, खालच्यांनी ओढ्याकडे.

नेटा किल्ल्याजवळची, म्हणजे पक्की वरची. गिरणीत तिची आणि वॉट ऑलिव्हरची गाठ पडली, आणि लग्न होऊन ती पुलापलीकडे खालच्या घरात आली. सासू ग्रिझेल तोंडाची फटकळ. नेटाची खीर करपली तरी म्हणायची, "वरच्यांचा हात, दुसरं काय होणार!"

नेटाला दिवस गेले तेव्हा खरी ठिणगी पडली.

"बाळंतपण याच घरात," ग्रिझेलनं बजावलं. "माझा नातू खालचाच जन्मला पाहिजे."

"मला माझी आई जवळ हवी," नेटा म्हणाली. "मी वर जाणार."

"वॉट, ऐकतोयस ना? तुझी बायको आपल्या घराण्यात शत्रू जन्माला घालणारेय!"

वॉट बुटाची नाडी बांधत राहिला. त्या नाडीला कधी नव्हे इतका वेळ लागला.

कळा सुरू झाल्या त्या नेमक्या चेंडूच्या दिवशी. वॉट खेळात होता, सासू शेजारी गेली होती. नेटानं शाल गुंडाळली आणि एकटीच चढण चढू लागली. चौकात पोचली तर समोर माणसांची भिंत. शंभरेक पुरुष एकमेकांत अडकलेले, थंडीत त्यांच्या अंगांतून वाफ निघत होती. ती एका दुकानाच्या फळीला धरून उभी राहिली. पुढं पाऊल टाकवेना.

तिचा भाऊ रॉबी त्या गर्दीत एका हातानं चेंडू आणि दुसऱ्यानं वॉटची मान आवळून होता. त्यानंच तिला पाहिलं.

"अरे सोड! सोड, गाढवा! तुझी बायको बघ!"

"चेंडू आधी तू सोड!" वॉट ओरडला, आणि मग त्यानं वळून पाहिलं.

भिंत फुटली. तेवढ्यात धापा टाकत ग्रिझेलही आली. "खाली न्या तिला!"

"वर!" रॉबी म्हणाला. "वर जास्त जवळ आहे!"

नेटानं दोघांवर डोळे वटारले. "मेल्यांनो, आधी कुठंतरी आत न्या मला!"

समोर टेटची बेकरी होती. पिठाच्या पोत्यांवर कोट अंथरले, कुणीतरी सुईणीला आणायला पळालं. भट्टीची ऊब होती, तेवढं बरं. बाहेर सगळे टोप्या काढून उभे. रडणं ऐकू आलं तसा एकानं दबक्या आवाजात विचारलं, "बेकरी वरच्यांत धरायची की खालच्यांत?"

दार उघडून ग्रिझेल बाहेर आली. तिच्या बाह्यांना पीठ लागलं होतं आणि डोळे ओले होते. "मुलगी झालीय," ती म्हणाली. "आणि परत कुणी हा प्रश्न विचारलात, तर लाटणं घालीन डोक्यात."

चेंडू कुठं गेला ते त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

ती मुलगी, एल्स्पेथ, दोन वर्षांची असताना गिरणी बंद पडली. वॉट कामासाठी दूर गेला, महिन्यातून एकदा घरी यायचा. नेटा टेटच्या बेकरीत पहाटेपासून पाव भाजू लागली. नात सांभाळली ग्रिझेलनं. तोंड तिचं तसंच राहिलं, पण नेटा दमून आली की चहाचा कप न बोलता पुढं यायचा.

एका रविवारी नेटा उठली तर पोरगीही घरात नाही आणि सासूही नाही. शोधत शोधत ती माहेरी पोचली. स्वयंपाकघरात तिची आई आणि ग्रिझेल समोरासमोर बसून जोरजोरात भांडत होत्या. विषय होता पोरीच्या खोकल्यावर काय द्यायचं. मध्ये टेबलावर बसलेली एल्स्पेथ दोघींच्या ताटल्यांतली बिस्किटं संपवत होती.

"या चढणीनं जीव घेतला माझा," सुनेला बघून ग्रिझेल कुरकुरली. "उभी काय राहिलीस? बस. चहा अजून गरम आहे."