फुगा कुणाचा होता

कुडावर वाळत घातलेला बकऱ्याचा मूत्राशय… पातळ, पिवळट, उन्हात शिरा दाखवणारा, कडेला माश्यांची काळी झालर. आजही तो आठवला की घशाशी आंबट पाणी येतं. पोलादपूरच्या डोंगरातल्या आमच्या गावात राखणीला, म्हणजे गाव राखणाऱ्या देवीच्या वार्षिक मानाला, तिच्यापुढे बकरा पडला, की मुंडी मानकऱ्याच्या घरी यायची आणि मूत्राशय त्या घरातल्या पोरांकडे. दुकानातला फुगा आम्हांला कुठला मिळायला. हाच आमचा फुगा. राखेत चोळायचा, चांगला वाळवायचा, पपईच्या देठाची नळी खुपसून फुंकायचा आणि तोंडात उतरणारी ती खारट, उग्र चव थुंकत राहायची.

मानकऱ्याचा मुलगा मी. बौद्धवाडीतला तुळशीराम माझ्याच वर्गात. त्याने पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची गाडी केली, तुटक्या चपलांची चाकं कापून बसवली. तिच्यावर माझा फुगा बांधला, की त्यातला वारा मागे सुटायचा आणि गाडी पुढे पळायची… क्रिया आणि प्रतिक्रिया आम्ही पुस्तकाच्या आधी तिच्यामागे धावत शिकलो.

महाडला विज्ञान प्रदर्शन होतं. घाईत मी राखही चोळली नाही, फुगा ओलसरच बांधला. गाडी टेबलावर सुरेख धावली. मात्र मागे सुटलेल्या हवेबरोबर खोलीभर कुजका दर्प पसरला.

गुरुजींनी नाकाला रुमाल लावला. "शी, शी. कोणी आणलं रे हे?"

"यानं, गुरुजी," मी तुळशीरामकडे बोट केलं.

"नाय गुरुजी. गाडी माझी हाय, फुगा याचा हाय."

"मानकऱ्याचा मुलगा असली घाण आणेल होय?" म्हणत गुरुजींनी त्याच्याकडून फिनेलने टेबल पुसून घेतलं. पुढे शाळाभर त्याला 'मुतऱ्या' म्हणू लागले. मीही म्हणायचो. त्या फुग्यापेक्षा माझ्या त्या तोंडाचीच आता मला अधिक किळस येते.

तुळशीराम गेल्या वर्षी गेला. यंदाच्या प्रदर्शनात त्याची नात तशीच गाडी घेऊन उभी होती, रबरी फुग्याची. माझ्याबरोबर आलेला आमचा एक वर्गमित्र तिला म्हणाला, "आधी वास बघ गो. तुझ्या आजोबाच्या फुग्यानं अख्खं महाड पळवलं होतं."

आणि तो हसत राहिला. पोरीने खरोखरच फुगा नाकाशी नेऊन हुंगला…

"तो फुगा माझा होता, बाळ," मी म्हणालो. "घाण मी आणली होती."

वर्गमित्राचं हसू थांबलं. पोरीने फुगा नाकापासून खाली घेतला.

"मग आजोबांनी तेव्हा सांगितलं का नाय?"

"सांगितलं होतं गो. मी शेजारीच उभा होतो."