वारा आत लागतो का?

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही. आमचं घर बौद्ध. अंगात येणं, करणी, भानामती असलं कुणी नुसतं बोललं तरी आबा, म्हणजे माझे आजोबा, त्याची खरडपट्टी काढतात. त्यात मी कारेगावजवळ एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट रिजेक्ट झाला की तो का झाला, हे सापडेपर्यंत मी लाइनवर कुणाला सुखानं चहा पिऊ देत नाही. तरी हे लिहितेय...

सुट्टी मिळाली की पाठीवर सॅक टाकून मी एकटीच फिरते. गेल्या मे महिन्यात ठरवलं, लांब कशाला, आपलाच मुलूख बघू. यवत, दौंड, शिरूर आणि मग केंदूरला घरी. फोनवर आबा म्हणाले, "शिरूरला जातीस तर छावणीच्या चर्चात घडीभर बसून ये."

कारण असं की आबांचे वडील इंग्रजांच्या काळात त्या चर्चचा पंखा ओढायचे. छताला टांगलेला लांब कापडी पंखा, त्याची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर काढलेली, आणि बाहेर उन्हात माझे पणजोबा. त्यांना आत पाऊल टाकायची परवानगी नव्हती. "बा मरंस्तवर म्हणायचा," आबा म्हणाले, "एवढी दोरी वडली, पर वारा आत लागत व्हता का न्हाई, ते कवा कळलंच न्हाई." खुब्याचं हाड मोडल्यापासून आबा अंगणाच्या पलीकडे गेलेले नाहीत. "माझ्याच्यानं आता व्हायचं न्हाई. आपल्यातलं कुणीतरी आत बसलं पायजे, पोरी."

चर्चला पोचले तेव्हा दुपार टळटळीत होती. झाडलोट करणाऱ्या मावशींनी कुलूप काढलं. मी सवयीनं दारातच बूट काढायला लागले. "ऱ्हाऊ द्या पायात, इथं चालतंय," त्या म्हणाल्या. मला बरं वाटेना, काढलेच. लाईट गेलेली, खिडक्या बंद, आत भट्टी. मी मधल्या बाकावर बसले. वर बघितलं तर कापडी पंख्याच्या जागी नुसते हुक उरलेत.

थोड्या वेळानं मानेला गार लागलं. मग थांबलं. परत लागलं... एका लयीत. फट असेल म्हणून उठून सगळ्या खिडक्या तपासल्या. घट्ट बंद. बाकावर येऊन बसले आणि पुन्हा सुरू. बसचं तिकीट चिमटीत धरलं, तर तेही त्याच लयीत हलत होतं. मावशी बाक पुसत होत्या. त्याही म्हणाल्या, "आज लई गार वाटतंय हो. लाईट तर न्हाई."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, पाय दुखतोय व्हय? मगापास्नं हलवताय."

खाली बघितलं. माझा उजवा पाय टाचेवर टेकलेला आणि पुढचा भाग पुढे-मागे, पुढे-मागे चाललेला. अंगठा ताणलेला. मला पत्ताच नव्हता. पाय थांबवला आणि वारा थांबला. मुद्दाम हलवून बघितला, बराच वेळ. काही नाही. नुसता उकाडा. खरं सांगते, घाबरले नाही, पण डोकं बधिर झालं. बूट हातात घेऊनच बाहेर आले. भिंतीला खाली सिमेंटनं बुजवलेलं एक भोक होतं. तिथं उन्हात उभी राहिले तर तळवे पोळायला लागले.

घरी आल्यावर आबांना सगळं सांगितलं. वाटलं, मलाही बोलणी बसणार. पण नाही. आबा म्हणाले, "कंचा पाय?"

"उजवा. पण आबा, ते तर दोरी हातानं ओढायचे ना?"

"हात भरून आलं की दोरी पायाच्या अंगठ्याला बांधायचा. म्हातारपणी झोपंतसुदिक त्याचा उजवा पाय हलायचा. आय उशी ठिवायची त्यावर." हे त्यांनी मला आधी कधीच सांगितलेलं नव्हतं. कधी सांगितलं नव्हतं हे त्यांनाही नक्की आठवतंय, मी दोनदा विचारलं.

उकाड्यात भास झाला म्हणावं, तर मावशींनाही गार लागलं होतं. पाय हलल्यानं वारा येतो म्हणावं, तर मुद्दाम हलवल्यावर का नाही आला? मला कारण सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडलं तर सांगा.

आबांनी मात्र कारण विचारलंच नाही. बराच वेळ त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि एवढंच विचारलं, "गार व्हता का?"

"गार होता, आबा. पार मधल्या बाकापर्यंत येत होता."