पोशेऱ्याची फेरमोजणी

दाजीसाहेबांना मी प्रथम पाहिले ते जामसरच्या एका कापणी झालेल्या खाचरात. जव्हारच्या शाळेतून निघून मी नुकताच संस्थानच्या मोजणीच्या कामावर कारकून म्हणून लागलो होतो. अंगात धुतलेला कोट होता, हातात नवे टिपणाचे पुस्तक होते. मुख्य मोजणीदार कोण, म्हणून मी विचारले, तर लोकांनी चिखलात उकिडवे बसलेल्या एका गृहस्थांकडे बोट दाखवले. ते मोजणीच्या साखळीतला गाळ काडीने काढत होते. त्यांनी मला नखशिखांत न्याहाळले आणि म्हणाले, "पुस्तक ठेवा त्या दगडावर. आठ दिवस साखळी ओढा. मग लिहू."

मला ते अपमानाचे वाटले होते, हे आज लिहायला हरकत नाही. साखळी ओढणे हे गडीमाणसांचे काम, असा माझा समज होता. त्या आठ दिवसांत माझे तळहात सोलले गेले. पण तेहतीस फुटांची ती लोखंडी साखळी उतारावर सरळ धरणे किती कठीण आहे, हेही मला कळले. दाजीसाहेबांनी हे कोणाला भाषण करून सांगितले नाही. येत्या माघात त्यांना साठ वर्षे पूर्ण होतील. त्यांच्या हाताखाली मी अकरा वर्षे काढली, आणि त्यांनी केलेले भाषण मला एकही आठवत नाही.

ते मृदू होते असे कोणी समजू नये. माझा एक नकाशा त्यांनी तीनदा परत पाठवला होता. शाईचा डाग दिसला की त्यांचा पारा चढे, आणि तपकिरीची चिमूट तशीच बोटांत धरून ते बोलत राहात. मात्र रागाच्या भरात त्यांनी कोणाचे काम काढून घेतल्याचे मी पाहिले नाही. वांगणीच्या मुक्कामात एक गडी तापाने पडला, तेव्हा त्याला जव्हारच्या दवाखान्यात न्यायला त्यांनी स्वतःचे घोडे दिले आणि पुढचे पाच दिवस आमच्याबरोबर डोंगर पायी चढले. "घोडे काय, परत येईल," एवढेच म्हणाले.

परंतु मला खरे सांगायचे आहे ते पोशेऱ्याचे. तो प्रसंग माझ्याच चुकीतून उभा राहिला, त्यामुळे दुसरे कोणी तो लिहिणार नाही.

पोशेऱ्याची मोजणी चालू असताना दाजीसाहेबांना आठ दिवसांसाठी जव्हारला बोलावणे आले. जाताना त्यांनी काम माझ्यावर सोपवले. माझ्याबरोबर साखळीवर लाडकू होता. वयाने माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, तिथलाच वारली माणूस, मोजणीत मुरलेला. दुसऱ्या दिवशी एक ओहळ ओलांडताना साखळी खडकाच्या फटीत अडकली. लाडकू म्हणाला, "थांबा भाऊसाहेब, मी उतरून सोडवतो. ओढू नका."

मला दाजीसाहेब येण्याच्या आत काम उरकून दाखवायचे होते. मी ओरडलो, "ओढ म्हणतो ना!" त्याने ओढली. एक कडी उकलून तुटली.

मी साखळी गावच्या लोहाराकडे नेली. त्याने तुटकी कडी काढून टाकली आणि दोन्ही टोके जोडून दिली. साखळी वीतभर आखूड झाली असणार, हे मला कळत होते. पण ताडून पाहायची प्रमाणाची साखळी होती जव्हारला, आणि तिथे माणूस पाठवायचा म्हणजे दाजीसाहेबांना सगळे कळणार. एवढ्याने काय होते, असे मनाला समजावून मी त्याच साखळीने पुढे सहा दिवस मोजणी केली. लाडकू रोज सकाळी तीच साखळी खांद्यावर टाकून येई.

काय व्हायचे ते झाले. साखळी आखूड, म्हणजे जमीन कागदावर वाढते. जानकी नावाच्या एका विधवेचे शेत जुन्या कागदापेक्षा जास्त भरले. शेजाऱ्याने गावभर केले की जानकीने बांध सरकवून त्याची जमीन खाल्ली. नवरा जाऊन वर्ष झाले नव्हते, पदरी दोन मुली. त्या बाईशी गावात कोणी धड बोलेना.

दाजीसाहेब परतले ते वाटेतच हे ऐकून. त्यांनी जानकीला काही विचारले नाही, शेजाऱ्यालाही नाही. घोड्यावरून उतरले आणि आधी साखळी मागितली. काम तपासायला म्हणून जव्हारहून बरोबर आणलेल्या प्रमाणाच्या साखळीशेजारी ती सपाट कातळावर पसरली. फरक सर्वांना दिसला. आम्ही सगळे माना खाली घालून उभे होतो. अशा वेळी साखळीवाल्या गड्याला घरी पाठवायचे, ही तेव्हा सर्वत्र चालणारी गोष्ट होती.

दाजीसाहेब म्हणाले, "कोणी तोडली ते मी विचारत नाही. कुठल्या शेतापासून आखूड आहे, तेवढे मला हवे."

लाडकू पुढे झाला. "त्या ओहळापल्याडच्या शेतापासून, साहेब. तिथून आखूड हाय."

"तुला कसे ठाऊक?"

"मीच ओढली ना."

तो खोटे बोलला नव्हता. पण कोणाच्या हुकमाने ओढली, हे त्याने सांगितले नाही. माझे नाव घेतले असते तर तो सुटला असता. मी तोंड उघडायला जितका वेळ लावला, त्याची लाज मला अजून वाटते. शेवटी म्हणालो, "साहेब, तो नको म्हणत होता. मी ओढायला लावली. लोहाराकडेही मीच नेली."

दाजीसाहेबांनी मला बाजूला नेले. आता नोकरी गेली, असे मी धरून चाललो होतो. त्यांनी विचारले, "मला का कळवले नाहीत?"

"भीती वाटली."

ते म्हणाले, "माझ्या हाताखालच्या माणसाला चूक सांगायची भीती वाटते, तर तिथे माझेही काहीतरी चुकते आहे. ते मी बघतो. पण लाडकूने थांबा म्हटले ते तुम्ही ऐकले नाही. साखळी जोडता येते. लाडकूशी आधी जाऊन निस्तरा."

मी लाडकूकडे गेलो. "चुकलो," एवढेच म्हणालो. तो म्हणाला, "तुमी सांगला, आता बरा वाटला. पण फुडं आमी सांगू तवा ऐका." मी हो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजीसाहेबांनी गाव जमवला. दोन्ही साखळ्या लोकांसमोर पसरल्या आणि सरळ सांगितले, "मोजणी चुकली आहे. जानकीबाईंचा बांध होता तिथेच आहे. ओहळापलीकडची सारी शेते पुन्हा मोजू."

गावचे पाटील संतापले. हद्दीचे दगड पुन्हा उचलायचे, माणसे पुन्हा द्यायची; त्यांचा राग अगदीच वावगा नव्हता. त्यांनी विचारले, "चूक कोनाची साहेब? नाव सांगा."

मी उठू लागलो. दाजीसाहेबांनी माझ्याकडे न पाहता हाताने खाली बसवले. "माझी. रोज साखळी ताडून पाहिल्याशिवाय काम सुरू करू नये, हा नियम मी घालून द्यायला हवा होता. घातला नाही."

जानकी मागे मुलींना घेऊन उभी होती. ती शेजाऱ्याकडे वळून मोठ्याने म्हणाली, "ऐकलास ना? आता चार लोकांत बोल." शेजारी उठला आणि जानकीने बांध सरकवलेला नाही, असे चार लोकांत बोलला.

फेरमोजणीला बारा दिवस लागले. दाजीसाहेबांनी त्यातले कितीतरी दिवस साखळीचे एक टोक स्वतः धरले. जव्हारला पाठवलेल्या अहवालातही त्यांनी दोष स्वतःकडेच घेतला. त्यामुळे त्यांच्या बढतीची शिफारस वर्षभर मागे पडली, हे मला फार उशिरा, तेही दुसऱ्याच कोणाकडून कळले. त्यांच्याकडे विषय काढला, तर ते म्हणाले, "मोखाड्याचा नकाशा कुठवर आला?"

त्या दिवसापासून आमच्या तुकडीत रोज सकाळी सर्वांसमोर साखळी ताडून पाहिली जाई, आणि काही बिघडले असेल तर ते सांगण्याचा पहिला मान साखळीवाल्याचा असे. कोणी काही लपवल्याचे पुन्हा माझ्या पाहण्यात आले नाही. आज माझ्याही हाताखाली सहा माणसे आहेत. गेल्या हिवाळ्यात त्यांतला एक नवा कारकून संध्याकाळी स्वतःहून येऊन म्हणाला, "साहेब, आज एक दगड मी चुकीच्या जागी बसवला." त्याचा आवाज कापत नव्हता. त्या क्षणी मला दाजीसाहेबांनी माझ्यासाठी काय केले, ते पुरते उमगले.

दाजीसाहेबांच्या साठीनिमित्त हा लेख लिहितो आहे असे लाडकूला सांगितले. तो आता थकला आहे, पोशेऱ्यातच असतो. त्याच्या वतीने काय लिहू, म्हणून विचारले. तो जरा विचार करून म्हणाला, "लिवा, देव त्यांचं पाय धड ठेवो. आमच्या डोंगरात अजून लय फिरायचं हाय म्हणावं."

याहून चांगली इच्छा मला सुचत नाही. दाजीसाहेबांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, आणि त्यांची पावले आमच्या वाटांवर अशीच उमटत राहोत.