गाणाऱ्या बाईच्या हातात दहाची नोट

आमच्या वस्तीत जयंतीला गाण्याचा कार्यक्रम व्हायचा. गाणं आवडलं की माणूस उठायचा, स्टेजपाशी जाऊन गाणाऱ्याच्या हातात नोट ठेवायचा. गाणं चालूच. मी तिथंच गाऊन म्हातारी झाले, त्यामुळे ही सवय हाडात मुरलेली. अमेरिकेत शुगर लँडला मुलाकडे राहायला आले तरी गेली नाही, आणि तिथंच घोटाळा झाला.

शेजारी एक बाई राहायची, माझ्याच वयाची. काळ्या लोकांच्या चर्चमध्ये वाढलेली, पुढं तरुणपणी तिच्या रेकॉर्डी निघालेल्या. माझ्या इंग्रजीला ती हसायची, तिच्या चहाला मी. बाहेर ऊन भाजायचं, आम्ही तिच्या एसीत बसून बोलायचो.

तिचा बाप पाद्री. सतरा वर्षांची असताना तिनं चर्चमधलीच एक चाल घेतली, देवाच्या जागी प्रियकर घातला आणि क्लबात पैसे घेऊन गायली. बापाला कळलं. त्यानं चर्चमध्ये सगळ्यांसमोर तिला पट्ट्यानं मारलं, बक्कलच्या बाजूनं. धाकट्या भावानं मनगटं धरून ठेवली होती.

"मग रेकॉर्ड करायला गेले," ती म्हणाली, "तिथं नवरा मारायचा. तोच मॅनेजर."

एका गाण्यात तिनं सूर चर्चसारखा लांबवला म्हणून त्यानं स्टुडिओतच तोंडावर बुक्की मारली. ती तशीच गायली. तिनं मला ती रेकॉर्ड लावून दाखवली. "शेवटचं कडवं ऐक, सिस्टर. दात हलत होता, तोंडात रक्त होतं. कंपनीचा माणूस म्हणाला, पुन्हा गायला नको, हाच टेक ठेवा."

मीही भांगातली खोक दाखवली. आमच्या गाण्यावर गावात दगड पडायचे.

"मग काय करायचात?"

"ढोलकी थांबवायची नाही. ढोलकी थांबली की लोक पळतात, आणि पळणाऱ्यालाच जास्त लागतात."

तिनं खोकेवरून बोट फिरवलं.

पुढं तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशननंतर आवाज राहील असं डॉक्टर सांगेनात. तिला त्याआधी एकदा बापाच्या चर्चमध्ये गायचं होतं. आता पाद्री तोच भाऊ. तो कसाबसा कबूल झाला: एकच भजन, रेकॉर्डींचा विषय नाही.

रविवारी मुलानं आम्हाला गाडीनं नेलं. "आई, तिथं गप्प बसशील ना?" मी म्हटलं, हो रे बाबा.

ती गायला लागली आणि लोक बसेनात. एक ओळ तिची, एक लोकांची, अगदी आमच्यासारखं. मी चर्च विसरले. पर्समधून दहाची नोट काढली, पुढं गेले, तिच्या हातात ठेवली. तिनंही जुन्या सवयीनं मुठीत घेतली.

भाऊ खाली उतरला. "बापाच्या घरात पुन्हा धंदा मांडलास?" त्यानं तिचं मनगट धरून पिरगाळलं. दुसऱ्या हातानं माइक हिसकला, तो तिच्या ओठावर आदळला आणि खाली पडला. पेटीवाला थांबला. तिचं गाणं तुटलं.

मी समोरच्या बाकाची फळी वाजवायला लागले, ढोलकीचाच ठेका. तिनं माझ्याकडे पाहिलं. मनगट भावाच्या हातात तसंच ठेवून, माइकशिवाय तिनं पुढचं कडवं उचललं. दातांवर रक्त दिसत होतं. मागून कुणीतरी टाळी धरली, मग सगळ्यांनीच. भावाची पकड कधी सुटली ते मी पाहिलं नाही. भजन पुरं झालं.

मुलानं गाडी काढली. मी तिला रुमाल दिला, माफी मागू लागले. तिनं ओठ टिपला, रुमालाकडे पाहिलं आणि त्या कंपनीच्या माणसासारखा आवाज काढून म्हणाली, "हाच टेक ठेवा."